निळे खांब

जालना,
२० सप्टेंबर २०००

ती. भुजंगमामांना,

नीलाचा नमस्कार.

परवा सभेला तुम्ही पहिल्या रांगेत बसला होतात आणि मला तुमच्याजवळ यायलासुद्धा जमलं नाही. घरी आल्यावर आई खूप रागावली. म्हणाली, "माझा भाऊ जांबहून दोन गाड्या बदलून येतो आणि तू कापडांच्या दोऱ्या बांधत फिरतेस." तिचं खरं आहे. पण तुम्ही समोर बसून तक्त्यांकडे बघत होतात ना, त्यामुळेच मला स्टेजवर धीर आला. म्हणून हे पत्र.

आमच्या फळबागायतदार संघाची सभा तुम्ही इतकी वर्षं पाहताय. अध्यक्ष काकासाहेब आकडे वाचतात आणि सभासद डुलक्या घेतात. या वर्षी त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं. म्हणाले, "नीला, तू कॉम्प्युटरचा क्लास केलास ना? असं काही कर की मागच्या रांगेतल्या माणसाला न वाचता कळलं पाहिजे." दोन महिने मी तेच करत होते. आकडे गोळा केले, कॉम्प्युटरवर तक्ते काढले, मग जुन्या जालन्यातल्या पेंटरकडून ते मोठ्या कापडावर रंगवून घेतले. एका कापडावर एकच गोष्ट. मथळा लहान, अक्षरं ठसठशीत, रंग एकच. भावाचा पिवळा, आवकेचा केशरी, रोपांच्या विक्रीचा हिरवा आणि विहिरींच्या पाण्याचा निळा. पेंटर आणखी फुलंबिलं काढायला बघत होता, मी काढू दिली नाहीत.

तुम्ही पाहिलंत ना, निळं कापड उलगडलं तेव्हा केवढ्या टाळ्या पडल्या? मला वाटलं होतं लोक भावाच्या तक्त्याला टाळ्या वाजवतील. पण निळा रंगच छान उठून दिसला असावा. काकासाहेबही खूश आहेत. चारही कापडांच्या नकला काढून प्रत्येक शाखेत लावायच्या असं ठरलंय. तुमच्या जांबच्या शाखेतही येतील.

मामींना आणि संपतमामांना नमस्कार सांगा.

तुमची भाची,
नीला

.

जांब समर्थ,
११ ऑक्टोबर २०००

चि. नीला, तुला मामाचा आशीर्वाद.

अक्काला सांग, मला सभेच्या पंगतीत कोणी उपाशी ठेवलं न्हाई. बुंदी मागून घेतली. तू कामात व्हती ते मी पाह्यलं. पोरगी स्टेजवर उभी राहून काम करून राह्यली, मंग मामानं काय तिला पाणी मागावं का.

तुझी कापडं आपल्या शाखेत लागली. मी रोज जाऊन बसतो तिथं. आल्यागेल्याला सांगतो, ही माझ्या भाचीनं काढलेली हायेत. गोजरबाई आल्ती, तिला अक्षर येत न्हाई हे तुला ठाऊक हाय. तिनं बोट लावून लावून चारी चार्ट पाह्यले आन् म्हणली, "भुजंग, हे तर मला बी कळून राह्यलं." तुझ्या साहेबाला सांग हे.

दुसरी गोष्ट. मी यंदा संघाच्या रोपवाटिकेतून मोसंबीची दोनशे रोपं आणली. उगवतीच्या वावरात लावली, जिथं कापूस असायचा. संपत आधी नको म्हणत व्हता. म्हणला, "दादा, एक साल थांबू." त्याचा सोभाव तसाच, पाय उचलायच्या आधी चार जागा पाहतो. मी म्हणलं, अरे, घरच्या पोरीचा चार्ट हाय, बिलकुल खोटा न्हाई, डोळे झाकून भरवसा ठेव. मंग त्यानं बी शंभर नेली. नुसता तोच न्हाई. कचरूनं नेली, रखमाजीनं नेली, गोजरबाईनं सुद्धा थोडी नेली. तुझ्यामुळं गाव हिरवं व्हणार.

तुझी मामी म्हणते पोरीला दिवाळीला पाठवा. सुट्टी घे.

तुझा मामा,
भुजंग

.

जालना,
५ नोव्हेंबर २०००

ती. भुजंगमामांना,

नमस्कार.

दोनशे रोपं वाचून मला फार बरं वाटलं. भाव चढतायत हे पिवळ्या कापडावर दिसतंच आहे, आणि तुमची झाडं धरायला लागतील तोवर आणखी चढलेले असतील. तुम्ही माझ्या तक्त्यावर एवढा विश्वास टाकलात हे मी ऑफिसात सगळ्यांना सांगितलं.

भाऊबीजेला आईनं दोन ताटं केली होती. संपतमामा एकटेच आले. तुम्ही नव्या रोपांना पाणी देण्यात अडकलात असं कळलं. आईचा चेहरा जरा पडला, पण संपतमामांनी मोसंबीची गोणी दारात ठेवून "चार्टवाली बाई कुठंय?" अशी हाक मारली तेव्हा ती हसली. तरी जाताना ते जरा गप्प वाटले. थकले असतील.

मला दिवाळीत सुट्टी मिळाली नाही. रोपवाटिका पूर्ण रिकामी झाली आहे आणि पुढच्या हंगामाच्या नोंदणीचं काम माझ्याकडेच आलंय. हुरड्याला मात्र नक्की येते. तुम्ही आणि संपतमामा मिळून आगटी पेटवा, मी आईलाही घेऊन येते.

तुमची,
नीला

.

जांब समर्थ,
९ जानेवारी २००१

चि. नीला,

यंदा हुरडा न्हाई. येऊ नको.

विहिरीचा गाळ काढायचं काम चालू हाय, माणसं लावली हायेत, मला वेळ न्हाई. अक्काची तब्येत सांभाळ.

संपतचं नाव माझ्या पत्रात लिहू नको.

भुजंग

.

जांब समर्थ,
१२ फेब्रुवारी २००१

चि. नीला, तुला तुझ्या मामीचा आशीर्वाद.

हे पत्र मी तुझ्या मामाला न सांगता लिहून राह्यले. माझं अक्षर चौथीचं हाय, लावून घे. फोन करायला गेल्ते तर लाईन बंद. मंग म्हणलं लिहावंच.

आपल्या विहिरीचं पाणी दिवाळीपासून उतरायला लागलं. परतीचा पाऊस आलाच न्हाई, हे तुला ठाऊक हाय. मी म्हणलं, पाऊस न्हाई तर पाणी उतरणारच, त्यात काय. पण तुझ्या मामाला ते पटंना. तो म्हणतो, "उषा, नीलाच्या चार्टात पाह्य. साऱ्या भागातलं पाणी सालोसाल वर येऊन राह्यलं. निळे खांब कसे चढत गेलेत. मंग आपलीच विहीर काहून खाली जाती?" आधी म्हणला गाळ साचला. गाळ काढला, तरी पाणी येईना. मंग म्हणायला लागला, संपतच्या बोअरनं ओढलं. दोघांच्या मधी एक बांधच तर हाय.

मी सांगितलं, असं बोलू नका, सख्खा भाऊ हाय. ऐकलं न्हाई. मामंजींच्या श्राद्धाला सारी भावकी जेवायला बसली व्हती. संपत वाढायला उठला. तुझा मामा पानावरून म्हणला, "ज्याच्या हातून माझं पाणी गेलं त्याच्या हातचं मला नको." संपत भाताचं पातेलं घेऊन उभा राह्यला. म्हणला, "दादा, काय म्हणून राह्यलास?" तर हा म्हणला, "चोर म्हणून राह्यलो." बाई, पंगत उठली. संपतची द्वारका पदर तोंडाला लावून घरी गेली.

दुसऱ्या दिवशी तुझा मामा कुऱ्हाड घेऊन गेला आन् संपतच्या बोअरचा पाईप तोडला. मी मागं धावले. पाईप तुटला तरी त्यातून पाणी आलं न्हाई. हा म्हणला, "पाह्य, मला येताना पाहून मोटर बंद केली त्यानं." संपत दारात उभा व्हता. एक शब्द बोलला न्हाई.

आता हा रोज शाखेत जातो आन् त्या निळ्या खांबांपुढं उभा ऱ्हातो. जेवण निम्म्यावर आलंय. मला रात्री म्हणतो, "साऱ्या जगाचं पाणी वर आन् माझंच खाली."

तू शिकलेली हायेस. चार्ट तूच काढला. तू त्याला लिही, की एका बोअरनं शेजारच्या विहिरीचं किती पाणी ओढलं जातं. थोडंच ओढत असंल तर त्याचा राग थोडा तरी उतरंल.

तुझी मामी,
उषाबाई

.

जालना,
१९ फेब्रुवारी २००१

ती. भुजंगमामा आणि ती. उषामामी यांना,

मामी, तुमचं पत्र मी ऑफिसात उघडलं. शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी विचारलं, "घरी काही झालंय का?" मामा, मामींवर रागावू नका. त्यांनी लिहिलं नसतं तर मला हे कधीच कळलं नसतं. हे पत्र दोघांनी मिळून वाचा, आणि सावकाश वाचा.

निळे खांब पाण्याची उंची दाखवत नाहीत. पाणी जमिनीपासून किती फूट खाली आहे, ते दाखवतात.

संघाचा माणूस दर उन्हाळ्यात वेगवेगळ्या गावांतल्या विहिरींत टेप सोडतो आणि पाणी किती फुटांवर लागलं ते लिहून आणतो. त्याच्या कागदावर मथळा होता, "पाणी जमिनीखाली किती फुटांवर लागले." तो कापडावर मावेना. दोन ओळी व्हायला लागल्या, तक्ता गिचमिड दिसायला लागला. मी तो छाटून "पाणीपातळी (फूट)" केला. मग पाणी म्हणून निळा रंग दिला. जितका खांब उंच, तितकं पाणी खोल. गेल्या उन्हाळ्याचा खांब सगळ्यात उंच आहे, कारण गेल्या उन्हाळ्यात पाणी सगळ्यात खाली गेलं होतं.

मामा, साऱ्या भागाचं पाणी सालोसाल खाली चाललं आहे. तुमची विहीर वेगळी नाही. संपतमामांनी काहीही ओढलेलं नाही.

मामींचं पत्र वाचून मी कॉम्प्युटरवर तो तक्ता उघडला. मीच काढलेला, मला आकडे तोंडपाठ, त्यामुळे मला तो कधी दिसलाच नव्हता. आज पहिल्यांदा दिसला. एकाशेजारी एक पाच हौद, आणि प्रत्येक आधीच्यापेक्षा जास्त भरलेला. मीसुद्धा टाळ्या वाजवल्या असत्या. भाऊबीजेला संपतमामा मला म्हणाले होते, "नीले, पाणी टिकंल ना गं?" मी नोंदणीचे कागद लावत होते. मान वर न करता म्हटलं, "तक्त्यात सगळं आहे, मामा." आणि ते गप्प झाले.

मी तशीच काकासाहेबांच्या केबिनमध्ये गेले. सगळं सांगितलं.

ते म्हणाले, "आकडे खोटे आहेत का?"

मी म्हटलं, "नाहीत."

"मग संघानं खोटं काय सांगितलं?"

"लोकांनी उलटं वाचलं, साहेब. पाणी वाढतंय समजून टाळ्या वाजवल्या. रोपं नेली."

ते खिडकीकडे वळून म्हणाले, "टाळ्या पडल्या तेव्हाच माझ्या लक्षात आलं होतं."

मामा, मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. मी विचारलं, "मग तुम्ही माइकवर सांगितलं का नाही?"

म्हणाले, "रोपवाटिका भरलेली होती, नीला. आणि माणसं किती वर्षांनी खूश होऊन उठली होती. पुढच्या सभेत दुरुस्त करू."

पुढची सभा सप्टेंबरात. तोवर मधे अख्खा उन्हाळा आहे.

नव्या रोपांसाठी जुन्या झाडांचं पाणी तोडू नका. आणि मामा, संपतमामांकडे जा. मी तुमच्या पाया पडते.

नीला

.

जांब समर्थ,
२७ फेब्रुवारी २००१

नीला,

तुझं पत्र वाचलं. मला खरं वाटून न्हाई राह्यलं.

तू म्हणतेस साऱ्यांचं पाणी खाली चाललं. मंग मला सांग, गावात कोणी बोलंना काहून? मी पारावर बसतो, देवळात बसतो, शाखेत बसतो. कचरूला विचारलं, पाणी कसंय? म्हणला, "हाय बराबर." रखमाजीला विचारलं, म्हणला, "देवाची कृपा." एक माणूस म्हणत न्हाई का माझी विहीर उतरली. शंभर घरांच्या गावात साऱ्यांच्या विहिरी आटल्या आन् एकाच्या तोंडून शब्द न्हाई, असं कधी असतं का? आमच्या लहानपणी विहीर उतरली का बाया आडावर बोंब मारायच्या.

म्हणून मी समजलो. तुझ्या मामीनं तुला रडगाणं लिहिलं, अक्काला कळलं, आन् तुम्ही दोघींनी संपतला वाचवायला हे काढलं. चार्ट उलटा म्हणं. सभेत हजार माणूस व्हतं, तुझा साहेब व्हता, त्यातल्या एकाला उलटा दिसला न्हाई.

आन् खरंच उलटा असंल तर मंग मी भर पंगतीत कोणाला काय म्हणलो, ते तूच मला सांग.

भुजंग

.

जालना,
१० मार्च २००१

ती. भुजंगमामांना,

तुमचं पत्र मी आईला वाचून दाखवलं. ती उठून आत गेली आणि तुमच्या दोघांच्या लहानपणीच्या नावांनी देवाजवळ काहीतरी पुटपुटत बसली. तिनं मला एक शब्दही लिहायला लावलेला नाही, एवढं माना.

गावात कुणी का बोलत नाही, हे मला इथं बसून कसं कळणार? पण तुम्ही मला माना असं मी म्हणतच नाही. एक दोर घ्या, त्याला दगड बांधा, आणि पाण्याला टेकेपर्यंत सोडा. मग गेल्या उन्हाळ्यात किती परस दोर लागला होता ते आठवा. मग दुसऱ्याच्या विहिरीवर जाऊन तेच करा. कुणी नाही म्हटलं तर का नाही म्हणतो ते विचारा.

मी नवीन तक्ता केला आहे. या वेळी कॉम्प्युटर उघडायच्या आधी मी आमच्या ऑफिसात चहा देणाऱ्या चतुराबाईंना जुना निळा तक्ता दाखवला. त्यांना वाचता येत नाही. म्हटलं, "काय दिसतंय?" म्हणाल्या, "पाणी वाढलंय की." मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. इतकं सोपं होतं ते. रंगवायला देण्याआधी एका माणसाला विचारलं असतं, तर पुरलं असतं.

मग मी कागदावर वरच्या बाजूला जमिनीची तपकिरी रेघ काढली. तिच्यावर मोसंबीचं झाड. रेघेखाली पाच विहिरी, पाच वर्षांच्या. विहिरी सगळ्या सारख्याच खोल, त्यातलं पाणी तेवढं निळं, आणि ते दर वर्षी खाली खाली. चतुराबाईंना विचारलं. त्यांनी बोट शेवटच्या विहिरीवर ठेवलं आणि म्हणाल्या, "ही तर संपलीच. कुणाची गं?" तेव्हा मी तो पेंटरकडे नेला. पेंटरनं पैसे घेतले नाहीत. त्याची सासुरवाडी अंबडकडे आहे. त्यांनीही रोपं लावली आहेत.

काकासाहेबांना मी आधी दाखवला. ते म्हणाले, "हे कापड संघाच्या नावानं बाहेर गेलं तर सोमवारी कामावर येऊ नकोस." म्हणून मी त्यावरचं संघाचं नाव पुसून घेतलं आणि माझं नाव घातलं. जांबच्या गाडीच्या कंडक्टरजवळ गुंडाळी दिली आहे. मी स्वतःच येणार होते, पण आईला ताप आहे.

आधी दोर सोडून बघा. पटलं तर कापड लावा. नाही पटलं तर चुलीत घाला.

नीला

.

जांब समर्थ,
२ एप्रिल २००१

चि. नीला, मामाचा आशीर्वाद.

जल्दी लिहायला पाह्यजे व्हतं, पण हात उचलंना. आता सारं लिहितो. अक्काला वाचून दाखव.

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी दोर सोडला. आपल्या विहिरीत गेल्या मे महिन्यात जितका लागला व्हता त्याच्याहून दोन परस जास्त लागला, आन् आता तर मार्चच व्हता. हे मला ठाऊकच व्हतं. मंग मी कचरूच्या विहिरीवर गेलो. तो आडवा आला. म्हणला, "माझ्या विहिरीत काय पाहतो? हाय बराबर पाणी." मी म्हणलं, बराबर हाय तर दोर सोडू दे. त्यानं माझ्या हातातला दोर धरला आन् त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मी तसाच परत आलो. त्याला काही विचारलं न्हाई.

पाडव्याला सारा गाव चावडीपुढं जमतो. मी सकाळीच जाऊन तुझं कापड चावडीच्या भिंतीला लावलं. आन् शाखेतलं निळं कापड आणून त्याच्या बाजूला लावलं. लोक आले. मी म्हणलं, "हे दोन्ही चार्ट एकाच गोष्टीचे हायेत. पह्यला आपण साऱ्यांनी उलटा वाचला. खांब पाण्याचा न्हाई, दोराचा हाय." तुझं पत्र बी वाचून दाखवलं, साहेबाचं बोलणं सोडून. ते मंग नंतर सांगितलं.

मला वाटलं आता हसतील. सारे त्या कापडातल्या शेवटच्या विहिरीकडं पाहून राह्यले. मंग गोजरबाई पुढं आली. म्हणली, "मंग माझी एकटीचीच न्हाई म्हणायची."

मी म्हणलं, "काय एकटीची?"

म्हणली, "संक्रांतीपासून माझ्या विहिरीत घागर बुडत न्हाई. मला वाटलं, मी रांडमुंड बाई, माझ्याच नशिबानं पाणी गेलं. साऱ्यांचं वर येऊन राह्यलं तर मी कोणत्या तोंडानं सांगू?"

नीला, मंग एकेक जण बोलायला लागला. रखमाजीनं विहिरीला नजर लागली म्हणून परगावचा मांत्रिक आणून उतारा केल्ता, गुपचूप. कचरूच्या पोरीचं लग्न ठरलंय. कोरड्या विहिरीच्या घरची पोरगी कोण करंल, म्हणून पाहुणे आले तवा त्याच्या बायकोनं कोसावरून पाणी आणून रांजण भरून ठेवले व्हते. साऱ्यांच्या विहिरी गेल्या व्हत्या. साऱ्यांना वाटून राह्यलं व्हतं का आपलीच गेली. तुझ्या त्या खांबांमुळं ज्यानं त्यानं आपल्या घरातलं पाणी झाकून ठेवलं, जसं काही पाप केलं. मी विचारलं तर मला म्हणायचे बराबर हाय, आन् मला कोणी विचारलं तर मी बी म्हणायचो, बराबर हाय. हे मला तवा आठवलं. मी त्यांच्यातलाच एक व्हतो.

संपत मागं उभा व्हता, द्वारकाजवळ. मी म्हणलं, "संपत, तुझी बोअर?"

तो म्हणला, "दिवाळीच्या आधीच गेली, दादा."

मी म्हणलं, "मंग तुझी झाडं हिरवी कशी?"

म्हणला, "शहागडहून टँकर आणतो. मागच्या वाटेनं, तुला दिसू नये म्हणून. मला वाटलं तू नव्या रोपांसाठी रात्रंदिवस मोटर चालवलीस, म्हणून माझं पाणी तुझ्याकडं गेलं. पण मी मोठ्या भावाला चोर कसा म्हणू? म्हणून गप्प राह्यलो."

पाईप मी तोडला तवा तो कोरडाच व्हता, नीला. त्यातून पाणी कुठून येणार. मी ते पाह्यलं आन् त्यातून बी त्याचीच चोरी काढली.

मी भर चावडीत त्याच्या पायाला हात लावायला गेलो. त्यानं मला खांद्याला धरून उभं केलं. वाकू दिलं न्हाई. पण जवळ बी घेतलं न्हाई. म्हणला, "दादा, चार्ट उलटा व्हता हे मला पटलं. पण तू मला चोर म्हणलास, ते तर सुलटंच म्हणलास ना."



आता गावानं ठरवलंय का नव्या रोपांना पाणी बंद. जुनी बाग ज्याची वाचंल त्याची वाचवायची. माझी दोनशे रोपं उभ्या उभ्या वाळून राह्यली, संपतची शंभर बी. लावताना खड्ड्यात शेणखत मी माझ्या हातानं टाकलं व्हतं, आता तिकडं पाहवत न्हाई. अंबडकडची दोन गावं येऊन तुझ्या कापडाची नक्कल उतरवून घेऊन गेली. तुझ्या साहेबानं हरकत घेतली तर मला कळव, मी सभासद हाय, मला बी बोलता येतं. तुझी जागा राह्यली का गेली, ते तू मला लिहिलंच न्हाईस. गेली असंल तर लपवू नको. लपवून आपण साऱ्यांनी पाह्यलं.

माझ्या विहिरीत अजून झरा हाय. बारीक हाय, पण हाय. माझी जुनी झाडं म्हातारी झाली, संपतची फळावर आलेली हायेत. म्हणून मी द्वारकाच्या हातून निरोप धाडला का माझं पाणी त्याच्या झाडांना घ्यावं. दोन दिवस उत्तर आलं न्हाई. श्राद्धाच्या नंतर त्यानं आमच्या बांधावर या टोकापासून त्या टोकापर्यंत बाभळीचे काटे रचले हायेत, छातीइतके. काल सकाळी मी मोटरीकडं गेलो तर त्यानं एका जागी काटे बाजूला केलेले दिसले. त्यातून पाईप सरकवून ठेवला व्हता, त्याचं तोंड माझ्या विहिरीकडं. मी तो जोडला आन् मोटर चालू केली. पलीकडून आवाज आला, "आलं." एवढाच.

मी काट्याजवळ जाऊन पाह्यलं. पाईप जाईल इतकीच जागा केली हाय त्यानं. माणूस जाईल इतकी न्हाई.

अक्काला सांग, मी रोज सकाळी तिथं जाऊन उभा ऱ्हातो.

तुझा मामा,
भुजंग